पहिलीचं लेकरू, सातवीचं पोरगं: वयाप्रमाणे शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड होऊन तुम्ही परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षण सेवक म्हणून रुजू झालात. शाळा पहिली ते सातवी. शिक्षक कमी, म्हणून तुमच्याकडे पहिलीचा वर्ग आणि शिवाय सातवीचं गणित-विज्ञान. पहिलीची मुलं दहा मिनिटं एका जागी बसत नाहीत. सातवीची मुलं बसतात, पण तोंड उघडत नाहीत. डी.एड.ला वयोगटांची वैशिष्ट्यं पाठ केली, पेपरात लिहिली, वर्गात त्यांचा उपयोग होईना. त्यात पहिलीचे पालक म्हणतात, “बाई, दोन महिने झाले, पोराच्या वहीत काहीच नाही.”

परभणी-हिंगोली भागातल्या प्राथमिक शाळांत आणि पुढे जिल्हा परिषदेच्या प्रशालेत शिकवताना पहिलीपासून दहावीपर्यंतचे वर्ग माझ्याकडे होते. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

तुम्ही वैशिष्ट्यांबद्दल विचारलंय, पण खरी अडचण दुसरीकडे आहे असं मला वाटतं. पहिलीच्या वर्गातून निघून व्हरांडा ओलांडून तुम्ही सातवीत जाता तेव्हा हातातलं पुस्तक बदलतं. प्रश्न विचारण्याची, शाबासकी देण्याची, रागावण्याची पद्धत मात्र बहुधा तीच राहते. मुलांना आपल्याकडून जे हवं असतं, ते तेवढ्या अंतरात पार बदललेलं असतं. पहिलीच्या लेकराला तुम्ही स्वतः हव्या असता. तिसरी-चौथीच्या पोराला काम जमायला हवं असतं. सातवीतल्याला चारचौघांत मान हवा असतो. नववी-दहावीतल्याला वाटतं, आपलं म्हणणं कुणीतरी मोठ्या माणसासारखं ऐकून घ्यावं. शरीर बदलतं, विचार करण्याची ताकद बदलते, ते सगळं खरंच. पण वर्ग चालतो की अडतो हे या हवं-नको वर ठरतं.

माझं सगळं म्हणणं तुमच्या वर्गाला जसंच्या तसं लागू होणार नाही. पट किती, पहिलीची मुलं अंगणवाडीत नियमित गेली होती का, तांड्यावरून येणारी आणि घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलणारी किती, घरी दख्खनी बोलणारी किती, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं किती, यावर बरंच अवलंबून आहे. शिवाय रजिस्टरवरचं वय एकटं पुरत नाही. पहिलीत नुकतीच सहा वर्षं पूर्ण झालेलं लेकरू आणि सातव्याला टेकलेलं लेकरू शेजारी शेजारी बसतात. दहावीत एका वर्षाचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही, पण सहाव्या वर्षी ते एक वर्ष म्हणजे लेकराच्या सगळ्या आयुष्याचा सहावा हिस्सा असतो. मागे राहिलेलं लेकरू मंद नसतं, बऱ्याचदा ते फक्त लहान असतं.

उलट बाजूचं उदाहरण घ्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात दाखल करायचं असतं. अकरा वर्षांची मुलगी पाचवीत येते. तिला जोडाक्षरं वाचता येत नाहीत, पण घरी ती धाकट्या दोघांना सांभाळते, भाकरी थापते, किराणा दुकानातला हिशोब चोख करते. तिला पहिलीच्या रांगेत बसवून ‘कमळ-बदक’ वाचायला लावलं तर ती चार दिवसांत शाळा सोडेल. तिला अक्षरं पहिलीची लागतात आणि वागणूक पाचवीची लागते. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येणं हेच आपल्या कामातलं कौशल्य.

आता मुलांच्या विचारशक्तीचे टप्पे मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ पियाजेबद्दल. तुम्ही पाठ केलेलं वाया गेलेलं नाही, फक्त ते वर्गात तपासून पाहायचं असतं. साधारण सात वर्षांपर्यंतचं मूल डोळ्यांना जे दिसतं त्यावर निकाल देतं, सात ते अकराच्या दरम्यान ते हाताळता येणाऱ्या वस्तूंबद्दल तर्क करू लागतं आणि अकरा-बाराच्या पुढे ‘असं झालं तर?’ असा नुसत्या कल्पनेवर विचार हळूहळू सुरू होतो. ही वयं ढोबळ आहेत. पुढच्या अभ्यासकांनी हेही दाखवलं की प्रश्न लेकराच्या ओळखीच्या गोष्टीत गुंफला तर तेच लेकरू आधीच्या वयातही बरोबर उत्तर देतं.

म्हणून एक प्रयोग कराच. एकेका लेकराला जवळ घेऊन त्याच्यासमोर सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडा. दोन्हीत सारखेच आहेत हे त्याच्याकडून वदवून घ्या. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका ओळीतले चिंचोके लांब-लांब सरकवा आणि विचारा, “आता कुठल्या ओळीत जास्त?” पहिलीतली बरीच लेकरं लांब ओळीकडे बोट दाखवतील. तुम्ही काही घातलं नाही, काही काढलं नाही हे त्यांनी पाहिलेलं असतं, तरीही. अशा लेकराला शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणता येत असतील, पण पाच म्हणजे कसेही मांडले तरी पाचच, हे त्याच्यात अजून पक्कं झालेलं नाही. त्याला हातच्याची बेरीज शिकवायला घेतली तर ते रीत पाठ करेल आणि तिसरीत अडकेल. त्याला अजून खडे, बिया, काड्यांचे गठ्ठे हातात हवेत. हा प्रयोग तिसरीतल्या दोन-चार मुलांवरही करून पाहा, तिथेही एखादं सापडतं. शिक्षा म्हणून किंवा गुणांसाठी हे करायचं नाही, तुम्हाला कळावं म्हणून करायचं.

पहिली-दुसरीवर जरा थांबतो, कारण तुमचा जास्त वेळ तिथेच जातो.

“दहा मिनिटं बसत नाहीत” असं तुम्ही लिहिलंत. कुठली दहा मिनिटं, ते पाहा. फळ्यावरचं वहीत उतरवून घेण्याची दहा मिनिटं असतील, तर ती त्यांच्या वयाला जड आहेत. तीच लेकरं गोष्ट ऐकताना, वाळूत खेळताना किंवा बैलगाडीच्या चाकाला वंगण लावताना बघत वीस-वीस मिनिटं हलत नाहीत. लक्ष असतं, पण ते हुकमावर धरून ठेवायची ताकद या वयात थोडी असते. मी पहिलीत दहा-बारा मिनिटांनी कामाची जात बदलत असे: बसून ऐकलं की उठून काहीतरी, हाताचं काम झालं की तोंडाने म्हणायचं, मग पुन्हा बसणं. विषय तोच ठेवायचा, अंगाची हालचाल बदलायची. चार म्हणजे काय हे चार उड्या, चार टाळ्या, चार बिया आणि मग चारचा आकडा, या क्रमाने गेलं की बसवण्यासाठी वेगळा आटापिटा करावा लागत नाही.

वहीचं म्हणाल तर हाताकडे पाहा. मनगटातली छोटी हाडं जन्मल्यावर लगेच तयार नसतात. ती एकेक करून पक्की होत जातात आणि शेवटचं हाड घडायला आठ ते बारा वर्षांचं वय यावं लागतं. मोठे स्नायू आधी ताब्यात येतात, बोटांचे बारीक स्नायू नंतर. म्हणून सहा वर्षांचं लेकरू झाडावर चढतं, पण पेन्सिल मुठीत आवळून धरतं आणि अर्ध्या पानात हात दुखला म्हणतं. ते आळस करत नाही, त्याचा हात खरंच दुखतो. अशा वेळी भुईमुगाच्या शेंगा सोलणं, मातीचे बैल करणं, चिंचोके वेचून डब्यात टाकणं, रांगोळीच्या ठिपक्यांवर बोट फिरवणं, पाटीवर मोठ्या रेघा मारणं, ही सगळी लेखनाचीच तयारी असते. तीन ओळी नीट लिहिणाऱ्या हाताला पुढे पान भरायला वेळ लागत नाही. रोज दोन पानं गिरवणाऱ्या हाताला मात्र लिहिण्याचा कंटाळा बसतो, आणि तो सातवीपर्यंत जात नाही.

अक्षर किंवा आकडा उलटा काढणं सात वर्षांपर्यंत अगदी नेहमीचं आहे. त्यावर लाल शाईची फुली मारू नका, शेजारी सुलटा काढून दाखवा. दुसरी संपता संपताही आवाज आणि अक्षर यांची जोडी लागत नसेल, मागून हाक मारल्यावर लेकरू वळत नसेल, पुस्तक नाकाला लावत असेल, तर मात्र ते टिपून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा या लेकरांची नावं तुमच्याकडे तयार असली पाहिजेत. लेकराला स्वतःला कळत नाही की आपल्याला कमी दिसतं. सगळ्यांना असंच दिसतं असं ते धरून चालतं. आणखी एक बारीक गोष्ट. सहा-सात वर्षांचं झालं की पुढचे दुधाचे दात पडतात. तेवढे महिने ‘स’ आणि ‘श’ बोबडे येतात. त्या काळात उच्चारावरून चारदा टोकलं तर लेकरू बोलणंच कमी करतं.

घरची भाषा वेगळी असलेली लेकरं पहिलीत गप्प असतात आणि आपण त्यांना ‘लाजाळू’ म्हणून मोकळे होतो. तांड्यावरच्या लेकराला पाणी, भूक, लघवी, आई, दुखतंय एवढं तरी त्याच्या भाषेत सांगता आलं पाहिजे आणि ते तुम्हाला कळलं पाहिजे. वरच्या वर्गातल्या तांड्यावरच्याच एखाद्या मुलीला रोज थोडा वेळ सोबत घ्या, तिच्याकडून शब्द शिका. गोष्ट आधी त्यांच्या बोलीत सांगू द्या, मग मराठीत. ज्या लेकराचं म्हणणं बाईंना कळतं, ते लेकरू बाईंची भाषा शिकायला तयार होतं. पहिलीत तुम्ही स्वतः हव्या असता, ते हेच. त्याला नावाने हाक मारणं, जवळ बसवणं, पडल्यावर आधी बघणं, हे सगळं शिकवण्यातच मोडतं.

तिसरी ते पाचवीबद्दल थोडक्यात, कारण हे वर्ग आज तुमच्याकडे नाहीत, उद्या येतील. या वयात मूल स्वतःची दुसऱ्याशी तुलना करायला लागतं. पहिलीत प्रत्येकाला वाटतं मी हुशार. चौथीत त्याने ठरवलेलं असतं की मला गणित येत नाही. मानसशास्त्रज्ञ एरिक्सनने सहा ते बारा या वयाबद्दल हेच म्हटलंय: एकतर आपण काही करून दाखवू शकतो हा भरवसा येतो, नाहीतर कमीपणा घर करतो. म्हणून या वर्गांत कामाचे तुकडे असे पाडावेत की प्रत्येकाचं रोज काहीतरी पुरं होईल. या वयाला नियम फार प्रिय असतात. लंगडीत कोण बाद झालं यावरून ती मुलं खेळापेक्षा जास्त वेळ भांडतात. ते भांडण सोडवून टाकू नका, नियम त्यांनाच लिहून काढायला लावा. वाचनाचंही वळण इथेच येतं. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं आणि पुढे वाचून शिकायचं असतं, म्हणून तर २०२१ पासूनच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर वाचन आणि संख्याज्ञान पक्कं करण्यावर भर आहे. चौथीत जे मूल अडखळत वाचतं त्याचा परिसर अभ्यासही बुडतो, गणितातली शाब्दिक उदाहरणंही बुडतात, आणि आपण म्हणतो याला काहीच येत नाही.

ऊसतोडीवरची मुलं इथेच सर्वांत जास्त निसटतात. दिवाळीनंतर गेलेलं मूल गुढीपाडव्याच्या आसपास परत येतं, तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. हंगामी वसतिगृह असेल किंवा आजी-आजोबांकडे ठेवायची सोय होत असेल तर पालकांशी बोलणं दसऱ्याआधीच करायला हवं; उचल घेऊन गाडी ठरल्यावर काही उपयोग होत नाही. परत आलेल्या मुलाला आधी विचारा की ट्रॉलीत किती मोळ्या बसतात, दिवसाला किती तोड होते, टनाचा हिशोब कसा लावतात. तो फळ्यापाशी उभा राहून वर्गाला ते समजावून सांगतो तेव्हा त्याचं बुडालेलं अर्ध वर्ष भरून निघत नाही, पण आपल्याला काही येतं हे त्याला आणि बाकीच्यांना कळतं. पुढची मेहनत तो त्या बळावर करतो.

आता तुमची सातवी. ही मुलं तोंड का उघडत नाहीत?

साधारण अकरा ते चौदा या वयात मुलाला सतत वाटतं की सगळे आपल्याकडेच बघतायत. एक उत्तर चुकलं तर ते आठवडाभर लक्षात ठेवतील असं त्याला वाटतं, आणि कधी कधी ते खरंही असतं. त्यात शरीर साथ देत नाही. मुलाचा आवाज फुटत असतो. धडा मोठ्याने वाचताना तो मध्येच चिरकतो आणि मागचा बाक हसतो. मुलींची उंची मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी झेप घेते, म्हणून सातवीच्या एकाच वर्गात काही मुली मोठ्या बाई वाटतात आणि काही मुलं पाचवीतली वाटतात. दोघांनाही त्याची लाज वाटते. अशा वेळी “कोण सांगेल?” असं विचारून तुम्ही वर्गाकडे बघता, तेव्हा उत्तर येत असूनही हात वर येत नाही.

इथे शाबासकीची पद्धतही बदलावी लागते. पहिलीत सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या की लेकरू फुलतं. सातवीत सगळ्यांसमोर एखाद्याचं फार कौतुक केलं तर मधल्या सुट्टीत त्याची टर उडते. वहीवर दोन ओळी लिहा, किंवा जाता जाता व्हरांड्यात हळूच सांगा. रागवायचं असेल तेही एकट्यालाच. चारचौघांत अपमान झालेला सातवीतला मुलगा तुमचा विषय सोडून देतो, आणि का सोडला हे तो कुणाला सांगत नाही.

प्रश्न विचारण्याचा एक क्रम मला फार उपयोगी पडला. आधी प्रत्येकाने वहीत एकट्याने लिहायचं. मग शेजाऱ्याला दाखवायचं. मग त्या जोडीने मिळून एक उत्तर सांगायचं. चुकलं तर जोडीचं चुकतं, एकट्याचं नाक कापलं जात नाही. पहिले काही दिवस फक्त जोडीचीच उत्तरं घ्या, नंतर एकेकटी मुलं आपोआप बोलायला लागतात. “आज काय शिकलात?” ऐवजी “यातलं कुठलं पटत नाही?” असं विचारून पाहा, या वयाला त्यात गोडी वाटते.

मुलींच्या गप्पपणामागे आणखी एक कारण असतं आणि त्यावर तुम्ही स्त्री शिक्षक म्हणून जे करू शकता ते आम्हा पुरुष शिक्षकांना जमत नाही. सहावी-सातवीत बऱ्याच मुलींची पाळी सुरू होते. त्या दिवसांत त्या येतच नाहीत, आल्या तर शेवटच्या बाकावर बसतात आणि फळ्याकडे बोलावलं तर उठत नाहीत. स्वच्छतागृहात पाणी आणि आतून कडी आहे का, कपाटात पॅड आहेत का, आणि ते मागायला कुणाकडे जायचं हे प्रत्येक मुलीला माहीत आहे का, एवढं तुम्ही पाहिलंत तर सातवीची हजेरी बदललेली दिसेल. लोहाची निळी गोळी दर आठवड्याला जेवणानंतर खरोखर गिळली जाते का हेही पाहा. ज्या मुलीला आपण सुस्त म्हणतो तिच्या अंगात बऱ्याचदा रक्त कमी असतं. या वयाची भूकही मोठी असते. शाळेतल्या पोषण आहाराचं प्रमाण पाचवीपर्यंत ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, तर सहावी ते आठवीला ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असं ठरलेलं आहे. वाढताना मात्र सगळ्यांच्या ताटात एकाच डावाने पडतं, तिथे लक्ष ठेवा.

आणि हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही: आपल्या मराठवाड्यात सातवी-आठवीची मुलगी अचानक शाळेत येईनाशी झाली तर आजारपण समजून गप्प बसू नका. मुलीच्या लग्नाचं कायदेशीर वय १८ आहे, आणि गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकांवर जबाबदारी दिलेली आहे. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कुणालाही फोन करता येतो. मुख्याध्यापकांना सोबत घेऊन आधी घरी जा, आई-वडिलांशी बोला. मुलगी पुढे शिकते आहे, आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा दिली तर तिला नववीपासून शिष्यवृत्ती मिळू शकते, हे ठोस बोलणं पुष्कळ घरी कामी येतं.

विचार करण्याच्या ताकदीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. बारा वर्षांचं झालं म्हणजे मूल सगळ्याच विषयांत कल्पनेवर विचार करू लागतं असं होत नाही. ज्या गोष्टीत ते मुरलेलं असतं तिथे आधी करू लागतं. तुमच्या सातवीतला जो मुलगा समीकरणातल्या ‘क्ष’पुढे दगड होतो, त्याला विचारा: पाऊस तीन आठवडे लांबला तर कापूस लावायचा की सोयाबीन, की आणखी थांबायचं? तो चार शक्यता मांडेल, प्रत्येकीचा खर्च सांगेल. ‘असं झालं तर’ हा विचार त्याच्याकडे आहेच. तो शेतातून गणितात आणायचं काम आपलं.

हे तिन्ही वयांना कसं लागू पडतं ते एका उपक्रमावर दाखवतो. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा आपल्याकडे पेरणीची लगबग असते. सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासायची घरगुती रीत सगळ्यांना माहीत आहे: शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि पाच ते सात दिवसांनी किती उगवले ते मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायला योग्य. कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं. बियाणं घरचं, औषध न लावलेलं घ्या. बीजप्रक्रिया केलेलं बियाणं मुलांच्या हातात अजिबात देऊ नका.

पहिलीची लेकरं दाणे मोजतील, दहा-दहाच्या ओळी मांडतील. त्यांच्यासाठी दहा दहा म्हणजे शंभर, हे बोटांना कळणं हेच काम. मोड आल्यावर त्यांना मोडाचं चित्र काढू द्या. चौथीची मुलं रोजचा तक्ता ठेवतील: कुठल्या दिवशी किती उगवले, कुणाच्या गोणपाटाला पाणी कमी पडलं. पाणी सगळ्यांना सारखं दिलं होतं का यावर ती वाद घालतील, आणि प्रयोगातला सारखेपणा त्यांना त्या वादातूनच समजेल. सातवीकडून शेकडेवारी येईल, एकरी किती किलो वाढवायचे हे प्रमाण येईल, आणि त्यांनी काढलेला आकडा घरी वडिलांच्या उपयोगी पडेल. आपला आकडा घरात कुणीतरी विचारतंय, हा मान त्या वयाला फार मोलाचा असतो. मानसशास्त्रज्ञ वायगोट्स्की म्हणतो की मूल आज मदतीने जे करतं ते उद्या एकट्याने करेल. त्या मदतीत सातवीची मुलं पहिलीच्या लेकरांना दाणे मोजायला मदत करतायत असंही बसवता येतं. सातवीतला सर्वांत गप्प मुलगा पहिलीच्या तीन लेकरांजवळ बसवून पाहा. तिथे हसणारं कुणी नसतं, आणि तो बोलतो.

नववी-दहावी तुमच्याकडे नाही, म्हणून एवढंच. चौदा-पंधराच्या वयात झोप उशिरा लागायला लागते, ती शरीराचीच रीत असते, आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची राहते. पहाटेची शिकवणी, मग शाळा, मग पुन्हा शिकवणी, हा लातूरकडून सगळीकडे पसरलेला दिनक्रम पाहिला की मला त्या मुलांची काळजी वाटते. या मुलांना तुमचा धाक नको असतो आणि लाडही नको असतात. पोलीस भरती, आयटीआय, बारावी सायन्स, शेती, यातलं काय आणि का, यावर त्यांच्याशी खरं बोलणारा एक मोठा माणूस हवा असतो.

आता रोजचं वेळापत्रक. शक्य असेल तर सकाळची पहिली वेळ पहिलीला द्या. दुपारच्या जेवणानंतर ती लेकरं पेंगतात, तेव्हा त्यांना गोष्ट, गाणी, मातीकाम असू द्या. सातवीचं गणित मधल्या सुट्टीच्या आधी घ्या. तुम्ही सातवीत असताना पहिलीला काय द्यायचं हे आदल्या दिवशी ठरलेलं असावं, आणि ते हाताने करायचं काम असावं, लिहायचं नको. एक साधी वही करा, प्रत्येक मुलाला एक पान. गुण लिहायचे नाहीत. हे लेकरू आज एकट्याने काय करू शकलं आणि मदतीने काय करू शकलं, एवढंच. रोज दोन-तीन मुलांकडेच नीट बघा, बाकीची उद्या. महिन्याभरात तुम्हाला कळेल की वयोगटाच्या कोष्टकातलं कुठलं वाक्य तुमच्या कुठल्या मुलाला लागू पडतं आणि कुठलं पडत नाही.

राहिला पालकांचा प्रश्न. वहीत काही नाही म्हणून ते रागावतात, ते लेकराच्या काळजीनेच. त्यांना बालमानसशास्त्र सांगत बसू नका. पालकसभा संध्याकाळी, शेतातून परत आल्यावर ठेवा आणि त्यात बोलू द्या लेकरांनाच. एकाने सत्तावीस बिया दहाच्या दोन वाट्यांत आणि वर सात अशा मांडून दाखवाव्यात. एकीने पाहिलेल्या चित्रावरून चार वाक्यांत गोष्ट सांगावी. एकाने आपलं नाव पाटीवर लिहावं. मग आई-वडिलांना सांगा की घरी लेकराला शेंगा सोलायला बसवा, ताटं मोजून मांडायला सांगा, झोपताना पाच मिनिटं त्याच्याशी बोला, आणि पान भरून लिहिण्याची अपेक्षा दुसरीच्या वर्षापर्यंत ठेवू नका. वही दिवाळीनंतर दाखवते, असंही म्हणा, आणि तेव्हा खरंच बोलावून दाखवा.